रेणुकाची स्लाइड

३ मार्च, मुखेड
फाईल घेऊन नांदेडला. क्षयरोगाच्या सरकारी योजनेत आपली लॅब बसली की गरिबाच्या बेडक्याची तपासणी इथंच फुकट होईल, नांदेडचे हेलपाटे वाचतील. दोन वर्षं याच्यासाठी जीव काढून राहिले. लातूरचे सर एम.डी. आहेत, महिन्यातून दोनदा येतात, सही द्यायला तयार. मायक्रोस्कोप आहे, नोंदवही आहे. राहिलं पाणी. अर्जात विचारलंय, वाहतं पाणी आहे का. हाय का आता! टँकर आठव्या दिवशी येऊन राहिला. लिहिलं, 'आहे'. म्हणजे ड्रममध्ये.

स्लाइड रंगवली की एकेक करून धारेखाली धुवायची असते. जानेवारीपासून मी सहा-सहा एकाच ताटलीत बुडवून काढते. आई म्हणते, माझी लेक थेंब वाया घालवत न्हाई. मलापण स्वतःचं कौतुकच.

११ मार्च
नांदेडच्या ऑफिसवाले फाईल मला परत द्यायला लागले होते. टेबलवरचे साहेब: "बाई, नवा जिल्हा होणार म्हणतात. मुखेड तिकडं गेलं तर?" म्हटलं, साहेब, मुखेड कुठंबी जाऊ द्या, खोकणारी माणसं तर तिथंच राहणार ना? हसले. फाईल ठेवून घेतली. जीभ कधीतरी कामाला येते.

१८ मार्च
नांदेडहून परीक्षेच्या दहा स्लाइड आल्या. आपण रंगवून वाचायच्या, उत्तरं त्यांच्याकडं. रंगवल्या, धुतल्या (ताटलीतच), वाचल्या. झोपेत करीन असलं काम. पाठवल्या.

२ एप्रिल
दोन चुकल्या. जंतू नसलेल्या दोन मी 'आहेत' लिहिल्या. मी! चौदा वर्षं हेच करून राहिले.
सरांना लातूरला फोन. दोन्ही स्लाइडचे नंबर विचारले. मग, "धुता कशात?" सांगितलं. "अहो बाई, एकीवरचे जंतू पाण्यात सुटतात, दुसरीवर बसतात. शिकवलं नव्हतं का?"
शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी.

३ एप्रिल
लॅब बंद. जानेवारीपासूनच्या सगळ्या स्लाइड काढून पुन्हा बघितल्या. बाकी ठीक. एक सोडून.
२२ जानेवारी. रेणुका. आमच्या गावच्या माधवकाकांची मुलगी. अख्ख्या स्लाइडवर तीन जंतू, तेही बेडक्याच्या थरात नाहीत, वर तरंगणारे, बाहेरून येऊन बसल्यासारखे. त्याच दिवशी, त्याच ताटलीत एका म्हाताऱ्याची स्लाइड होती, ठासून भरलेली.
दुसरा बेडका सकाळचा आणा म्हटलं होतं. त्यांची एसटी चुकली. मी म्हटलं, जाऊ द्या, दिसलंय ना. रिपोर्ट दिला, गोळ्या सुरू झाल्या. शिरूर अनंतपाळचं ठरलेलं लग्न फेब्रुवारीत मोडलं. तेव्हा मी वर तोंड करून म्हटलं होतं, लोक किती अडाणी.
थू माझ्यावर.

४ एप्रिल
आईला सांगितलं. आईनं माधवकाकांच्या रानात वीस वर्षं खुरपलं. त्यांच्या ओट्याखाली उभं राहून आम्ही ओंजळ धरायचो, पाणी वरून पडायचं. आणि जानेवारीत तेच माधवकाका लॅबमध्ये माझ्या माठातलं पाणी पिले, म्हणाले, "गावची पोरगी हाय. हिच्या कागदावर डोळं झाकून विश्वास." ऐकून आई पदर तोंडाला लावून रडली होती.
आज भाकरी थापत राहिली. मग, "जा. तोंडानं सांग. फोनवर न्हाई."
आई, योजना जाईल.
"जाऊ दे. त्या लेकराचं गेलं त्ये काय कमी हाय?"

७ एप्रिल
लोह्याला. लग्न मोडल्यावर रेणुकाला मामाकडं ठेवलंय. ओसरीच्या कडेला एकटीच जेवत होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. वेगळा तांब्या म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नाही. माझ्या हातानं तिच्यापुढं ठेवला मी तो.
मला बघून मागं सरकली. "ताई, जवळ नका येऊ."
सगळं सांगितलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हंजी मला कायबी झालं नव्हतं?" न्हाई गं. बहुतेक न्हाई. डॉक्टर बघतील, तवर गोळ्या सोडू नको.
तोंड कसं उजळलं तिचं. "मग शिरूरला सांगा की, ताई. तुमचं ऐकतील त्ये."
हो म्हणून बसले.

९ एप्रिल
शिरूर अनंतपाळ. दारात मांडवाचे खांब अजून तसेच. चार दिवसांपूर्वी लग्न झालं. ठरलेली तीच तारीख, नवरी तेवढी दुसरी. नव्या सुनेनं पाणी आणलं, अर्धाच पेला. बिचारी लाजली, म्हणाली टँकर आला न्हाई. तिच्यापुढं काय बोलू? पाणी पिले आणि उठले.
बसस्टँडवर ढसाढसा रडले. एक म्हातारी विचारत होती, कोण गेलं गं तुझं?

१६ एप्रिल
नांदेड. रेणुका, माधवकाका, मी. एक्सरे साफ. मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. शिरूरचं काकांनीच सांगून टाकलं तिला, दवाखान्याच्या पायरीवर. ती म्हणाली, "बरं." आणि ओढणीचं टोक पिळत राहिली.
काका दिवसभर माझ्यापासून दोन बाकडी लांब बसले. जाताना, "लेखी दे." लॅबच्या लेटरहेडवर दिलं. चूक माझी. माझ्या मते हिला हा रोग नव्हता. खाली सही केली.

२९ एप्रिल
काकांचा फोन. एक स्थळ आलं होतं. एक्सरे दाखवला तर म्हणाले, गोळ्या खाऊन बरी झाली असंल. माझा कागद दाखवला तर म्हणाले, "ही लॅब सरकारमान्य हाय का? न्हाई? मग कशाचा विश्वास?"
मग काका, "पोरी, तुझं त्ये सरकारी काम झालं का?"
तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

४ मे
परीक्षेच्या दुसऱ्या दहा स्लाइड एप्रिलमध्येच आल्या होत्या. एकेक धारेखाली धुतली होती, घरच्या प्यायच्या पाण्यानं. आईनं स्वतः हंडा आणून ठेवला होता. आज निकाल, दहाच्या दहा बरोबर.
साहेब म्हणाले, आता एकच कागद राहिला. त्यात एकच प्रश्न. गेल्या वर्षात लॅबकडून चुकीचा रिपोर्ट गेला आहे काय? आहे, नाही. दोन चौकोन.
"आहे लिहिलं तर यादीत नाव लागत न्हाई, बाई. उगंच शहाणपण करू नका."
लातूरचे सरही तेच म्हणाले. नाही लिहा, पुढं नीट काम करा.

५ मे
'नाही' लिहिलं तर लॅब मान्य होईल. रेणुकासाठी दिलेल्या माझ्या कागदाला किंमत येईल. पण त्या कागदावर लिहिलंय, चूक माझी. आणि इथं लिहायचं, चूक झालीच नाही. दोन्हीखाली सही माझीच. 'आहे' लिहिलं तर खरं होईल, आणि त्या खऱ्याला कुणी विचारणार नाही.
आईला विचारलं. आई पहिल्यांदाच म्हणाली, "मला न्हाई कळत गं."
मघाशी काकांचा फोन. रविवारी नवे पाहुणे येणार. "तवर हुईल का, पोरी?" मागून रेणुकाचा आवाज आला, "बाबा, नका विचारू त्यांना."
म्हटलं, बघते काका.
दोन्ही चौकोन कोरे. कागद उद्या संध्याकाळी पाचपर्यंत द्यायचाय.