नऊ हातांचा वाटा

डोंबिवली, ३ ऑगस्ट १९९७

ती. दामाजीकाकांस,
नंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमची विज्ञानकथा एकदाची इंटरनेटवर चढली. कॉम्प्युटरचा क्लास सुटल्यावर आमच्या दौलत सरांनी तासभर कॉम्प्युटर वापरू दिला, आणि मी अख्खी कथा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाइप करून परदेशातल्या मराठी लोकांच्या चर्चागटात टाकली. परग्रहावरचा पाहुणा कोलशेतच्या खाडीत उतरतो, जाळं ओढायला हात लावतो आणि म्हणून कोळी त्याला मासळीचा वाटा देतात, हे टाइप करताना माझे तर डोळे भरून आले.

गटातले लोक मात्र खवळलेत. पाहुण्याला नऊ हात, मग वाटा डोक्यामागे द्यायचा की हातामागे, यावर सत्तावीस उत्तरं आलीत. ह्यूस्टनचे एक डॉक्टर म्हणतात, पाहुणा शाकाहारी निघाला तर हा त्याचा अपमान आहे. आणि 'निरीक्षक' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी लिहिलंय की यान ओहोटीला उतरवलंत, ते चिखलात रुतणार.

हे सगळं फोनवर पाच मिनिटांत सांगून झालं असतं. पण तुमच्या आळीत फोन एकच, तो विश्रामकाकांकडे, आणि तुम्ही दोन वर्षं त्यांचं तोंड बघत नाही. मग लिहिते झालं. काकूला नमस्कार. तुमची माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्या.

तुमची,
नंदा

कोलशेत, ९ ऑगस्ट १९९७

चि. नंदास अ. उ. आ.

पत्र पोचलं. चिखलाचा हाच आक्षेप विश्रामने दोन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला सगळ्या आळीसमोर घेतला होता. तीस वर्षं एका होडीत बसलेला माणूस, आणि माझी कथा त्याने चारचौघांत हसण्यावारी नेली! हेकट माणसं पृथ्वीवर सगळीकडे सारखीच, हे आता सिद्ध झालं.

माझं उत्तर असं टाइप कर. यान हलकं आहे, रुतत नाही. वाटा डोक्यामागेच, कारण हात नऊ असले तरी पोट एक आहे. पण आधी सर्वांची खुशाली विचार, वडीलधाऱ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद लिही. एकदम मुद्द्यावर यायला आपण काही रानटी नाही.

काल शुक्रवार, म्हणून लिहिता आलं नाही. विश्रामचा गुरुदत्त दर शुक्रवारी दुबईहून फोन करतो आणि विश्राम तीन घरं ऐकू जाईल असा ओरडतो. काल अर्धा तास ओहोटी आणि चिखल चाललं होतं. पोरगं एवढ्या लांबून फोन करतं आणि हा त्याला चिखल सांगत बसतो. काय म्हणावं? तब्येतीला जप, आणि या म्हाताऱ्याला विसरू नकोस.

तुझा,
दामाजीकाका

डोंबिवली, १७ ऑगस्ट १९९७

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या खुशालीने गटात आग लावली. आशीर्वाद दिले ते नेमके कुणाला, असं न्यू जर्सीच्या एका बाईंनी विचारलं. मग जो तो आपलं वय सांगू लागला, आणि दोघांवर तर वय चोरल्याचा आरोप झाला. तेवढ्यात ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी खुशालीला उत्तर म्हणून लिहिलं की आईचा गुडघा फार दुखतो. तेव्हापासून एकमेकांना शिव्या घालणारे सगळे गुडघ्यावर उपाय सुचवताहेत. वैश्विक मानवी मूल्य म्हणजे तुमचा वाटा की डॉक्टरांच्या आईचा गुडघा, असा आता नवा वाद आहे.

तुमचं उत्तर पोस्टाने आठवड्याने येतं, त्यामुळे गटात तुमची फार विचारी माणूस अशी ख्याती झालीय. निरीक्षक परवा, शुक्रवारीच, तुमच्या बाजूने उभे राहिले. ज्याने हात लावला त्याला वाटा, यात चर्चा कसली, असं त्यांनी सगळ्यांना खडसावलं. खाली मात्र पुन्हा चिखल आहेच.

राग आला तरी लिहीत राहा, एवढंच मागणं.

तुमची,
नंदा

कोलशेत, २३ ऑगस्ट १९९७

चि. नंदास अ. उ. आ.

हा निरीक्षक आपला माणूस वाटतो. चिखलाचा हट्ट सोडला तर त्याला वाट्याचं मर्म कळलंय. त्याला एकट्यालाच एक पत्र पाठव, गटाला दाखवू नकोस.

त्याला लिही की माझा एक मित्र होता. होडी दोघांची, जाळं दोघांचं. एका कथेपायी मी बोलणं टाकलं. बाकीचे हसले त्याचं काही वाटलं नाही, पण तो हसला ते लागलं. आता त्याच्यावाचून करमत नाही आणि त्याच्या दारात पाऊल पडत नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं?

हे तुझ्या काकूला सांगू नकोस. ती म्हणेल, मी दोन वर्षं हेच सांगतेय. तुझा भार वाढवतोय, रागावू नकोस.

तुझा,
दामाजीकाका

डोंबिवली, ३१ ऑगस्ट १९९७

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

काका, आधी बसा आणि मग वाचा. निरीक्षक म्हणजे आपले विश्रामकाका. मला गुरुदत्तने स्वतः लिहून कळवलं. दर शुक्रवारी तो फोनवर गटातली उत्तरं वाचून दाखवतो, विश्रामकाका ओरडून आपलं म्हणणं सांगतात आणि तो टाइप करतो. कथा तुमची हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुमचा प्रश्न त्यांनी फोनवर पुन्हा एकदा वाचायला लावला म्हणे. मग म्हणाले, त्याच्या जागी असतो तर वाट पाहिली असती, आणि पाहिलीच की दोन वर्षं.

आता वाईट बातमी. त्यांच्या घरच्या काकी वारल्यापासून ते एकटे पडलेत, म्हणून कायमचे गुरुदत्तकडे निघालेत. १३ सप्टेंबरचं विमान आहे. घराला कुलूप लागणार.

तुम्ही जाणार, की मी टाइप करू?

तुमची,
नंदा

कोलशेत, ७ सप्टेंबर १९९७

चि. नंदास अ. उ. आ.

टाइप करू नकोस. मी गेलो. तीन घरं चालायला दोन दिवस लागले, पण गेलो.

विश्राम बॅगेत कपडे कोंबत होता. मी दारातूनच म्हटलं, जाऊ नकोस. एवढ्यावर त्याने तीन आक्षेप घेतले. गटात राहून त्याला ती खोडच लागली आहे. पहिला आक्षेप, तिकीट काढून झालंय. मी म्हटलं, काढलेलं तिकीट परत करता येतं. दुसरा आक्षेप, जेवणाचे हाल होतात. मी म्हटलं, आमच्या घरी चूल पेटतेच, एक ताट जास्त. तिसरा आक्षेप, इथे आता माझं कोण आहे?

 मी त्याच्या ओट्यावर बसून रडलो, नंदा. त्रेसष्टाव्या वर्षी, आळीतल्या बायका बघत असताना. तो बाहेर आला, शेजारी बसला आणि नेहमीसारखं म्हणाला की माझं रडणं पटण्यासारखं नाही. मग तोही रडला.

तिकीट परत घेतील का, ते गुरुदत्त विचारतोय. तोवर गटाला कळव की दामाजी आणि निरीक्षक काही दिवस उत्तर देऊ शकणार नाहीत. दोघे बोलत बसले आहेत.

तुझ्यावर जीव आहे, तो आहेच.

तुझा,
दामाजीकाका