तात्यांच्या वहीतली टिंबं

तात्या, पुढच्या मंगळवारी मला कराडला एका कॉलेजात बोलायला बोलावलं आहे. विषय त्यांनीच दिला आहे, आधुनिक उद्योगात माहिती-व्यवस्थेचं स्थान. चार दिवस झाले, टिपणं काढायला बसते आणि उठते. चहा करते, तो निवून जातो, पुन्हा करते. पहिलं वाक्य मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल: योग्य माहिती, योग्य माणसाकडे, योग्य वेळी. एवढंच सांगून मी आयुष्यभर पगार घेतला, पाच-सहा कारखान्यांचे कागद लावून दिले, पोरांना शिकवलं. पण या खेपेला 'योग्य माणूस' असं लिहिलं की पँटीच्या पायाला क्लिप लावून, सायकल हातात धरून तुम्ही समोर उभे राहता आणि टिपण तिथंच थांबतं. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुम्ही रागावणार नाही. खरं म्हणजे तुम्ही तेव्हाही रागावला नाहीत, आणि माझं सगळं दुखणं तेच आहे.

तुमच्या हुद्द्याचं नाव चिटबॉय. पन्नाशी आली, मिशा पिकल्या, तरी साखर कारखान्याच्या कागदावर तुम्ही बॉयच. आई चेष्टा करायची, आमचा पोरगा अजून कामावरून आला नाही म्हणायची. काम मात्र पोरखेळ नव्हतं. तुमच्या गटात, म्हणजे कोरेगावकडच्या सात गावांत, कुणी कुठल्या तुकड्यात कधी ऊस लावला हे वहीत नोंदवायचं, आणि हंगाम सुरू झाला की त्या नोंदीच्या क्रमानं तोडणीची चिठ्ठी द्यायची. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. त्यामुळे गावोगाव लोक तारीख थोडी मागे ओढून सांगत. भादव्यात लावलेला ऊस तुमच्यापुढं आषाढातला व्हायचा. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नसे. लग्नाच्या मुलाचं वय सांगावं, तसं ते होतं. तुम्ही मान हलवून सांगितलेली तारीख शाईनं लिहून घ्यायचा, त्यांच्या घरचा चहा प्यायचा आणि सायकलवर टांग टाकायचा.

मी तेव्हा सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. सुट्टीत घरी आले की तुमची वही नव्यानं सुवाच्य लिहून द्यायचं काम माझ्याकडे, कारण तुम्हाला जवळचं दिसेना झालं होतं आणि चष्म्याचा नंबर काढायला तुम्हाला सवड नव्हती. स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडाला पाट टाकून मी लिहितेय, आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून सुपारी कातरत नावं वाचून घेताय. काही नावांपुढं पेन्सिलीची बारीक टिंबं आहेत. एकापुढं एक, एकापुढं तीन. मी विचारलं तेव्हा तुम्ही इकडंतिकडं बघितलंत, जणू चुलीलाही ऐकू जायला नको. "एक टिंब म्हंजे एक पंधरवडा. त्यानं सांगितली त्याच्या मागनं तेवढ्या दिसांनी लागण झालीया. मी रोज त्याच रस्त्यानं जातुय, मला दिसतंय की." मग आधीच खरी तारीख का लिहीत नाही, असं मी विचारलं. आमच्या कॉलेजात असलेच प्रश्न विचारायला शिकवत. तुम्ही म्हणालात, "माणसाला तोंडावर खोटं म्हनायचं न्हाई, आन् खोट्याला पुढं जाऊ द्यायचं न्हाई. दोन्ही एका वहीत बसवायचं म्हंजे टिंब लागतंय, पोरी." त्या सुट्टीत ती टिंबंही मीच उतरवली. अडीचशे नावं होती आणि माझं एकही टिंब चुकलं नाही.

पदवी झाली आणि कारखान्याच्या सांगलीतल्या ऑफिसात मला नोकरी लागली. आमचे मोठे साहेब मुंबईहून काहीतरी नवीन शिकून आले होते. कारखाना अंदाजानं चालवायचे दिवस संपले, निर्णय माहितीवर झाले पाहिजेत, असं ते दर सोमवारी सांगत. सगळ्या गटांच्या वह्या मागवायच्या, माहिती छापील फॉर्मवर चढवायची, त्यावरून जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडायची आणि त्या कार्डांच्या पेट्या पुण्याला यंत्रावर पाठवायच्या. तिथून तोडणीची यादी छापून येणार. फॉर्म कसा असावा, कार्डावर काय कुठं बसवावं, हे ठरवायचं काम माझं. मी बावीस वर्षांची होते आणि मोठमोठ्या मिशांचे ओव्हरसियर मला 'मॅडम' म्हणत होते, माझे पाय जमिनीवर कुठले राहणार? एक कार्ड मी घरी आणलं. तुम्ही ते दारात उजेडाला धरलंत, एक डोळा मिटून भोकातून बघितलंत आणि म्हणालात, "ह्यातनं आपलं शिवार दिसतंय का गं?" आई हसली. मीही हसले, पण मला ते लागलं.

यादी आली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. लांबलचक कागद, घडीवर घडी, एकसारखी अक्षरं. तिनं काही चांगलंही केलं, ते नाकारत नाही. बड्या मंडळींचा ऊस मधेच घुसवायची सोय गेली, कारण नंबर सगळ्यांना दिसत होता. मी तेव्हा सगळ्यांना तेच ऐकवायची. पण यादीत तारखा होत्या त्या शाईच्या. पेन्सिलीतलं काहीच पुण्याला गेलं नव्हतं. तुम्ही यादी बघून एकदाच मला विचारलंत, टिंबं धरलीत का? मी म्हटलं, यंत्राला सगळं कळतं. असलं उत्तर मी आज एखाद्या पोराकडून ऐकलं तर वर्गाबाहेर काढीन.

शिमगा होऊन गेल्यावर एक बाई ऑफिसात आली. तुमच्याच गटातल्या गावची, नवरा फौजेत. कोरेगावहून दोन गाड्या बदलून आली होती आणि हातात वेळेत न तुटल्यानं तुरा आलेला ऊस होता, हलका, चिपाडासारखा. तिनं तो माझ्या टेबलावर आडवा ठेवला. तिच्या मागून लागण केलेल्या चौघांचा ऊस तुटून गेला होता आणि तिच्या फडात उंदीर नांदत होते. मी यादी उघडून तिला तिचा नंबर दाखवला, यंत्रानं लावलाय म्हणून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "बाई, ह्यांची रजा संपली, त्याच्या दुसऱ्या दिशी आमी लागण केली. ती तारीख मी कशी इसरंन? तीच सांगितली. चिटबॉय भाऊबी हसलं व्हतं, म्हनलं, एवढं नेमकं कुनी सांगत न्हाई. खरं सांगितलं, ते चुकलं का आमचं?" मी यादीची घडी घातली. तिच्या नावापुढं एकही टिंब नव्हतं हे मला आठवत होतं. घरी येऊन तुमची वही यादीशी ताडून पाहिली तेव्हा सातही गावांत तेच. ज्यांच्यापुढं टिंब नव्हतं, तेवढे सगळे यादीत मागे पडले होते.

अशा तक्रारी वाढल्या तशी चौकशी लागली आणि तुम्हाला वही घेऊन सांगलीला बोलावलं. साहेबांच्या खोलीत खुर्च्या होत्या, तरी तुम्ही उभे. साहेबांनी वही उघडली, टिंबांवर बोट ठेवलं आणि ही कसली खूण म्हणून विचारलं. एक कारकून हळूच म्हणाला, ज्याच्या घरून कोंबडी येते त्याला टिंब असेल. तुमचे कान लाल झालेले मी बघितले. तुम्ही चुलीपुढं मला सांगितलं होतं तेच साहेबांना सांगितलंत, पण सात गावांचं गुपित तिथं सांगताना आवाज पडला होता. साहेब माझ्याकडे वळले. "फॉर्म तुम्ही केला, वडिलांनी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही?" मी तोंड उघडलं असेल-नसेल, तेवढ्यात तुम्ही बोललात. "तिला ठावं न्हाई, साहेब. मी कुनालाच सांगितलं नव्हतं." तात्या, दुसऱ्यांच्या खोट्या तारखा आयुष्यभर लिहून घेतल्या तुम्ही, पण स्वतः खोटं बोललेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. आणि मी खाली बघत राहिले.

परतताना एसटीत तुम्ही खिडकीशी बसला होता, वही साहेबांनी ठेवून घेतलेली, रिकामे हात मांडीवर. कराड मागं पडल्यावर माझ्यानं राहवेना. मी म्हटलं, "तात्या, कार्डावर जागाच नव्हती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "जागा नसंल तर काय करनार." एवढंच. मग पिशवीतून शेंगदाणे काढून अर्धे माझ्या ओंजळीत दिलेत.

तुमचा गट गेला. तुम्हाला कारखान्याच्या वजनकाट्यावर बसवलं, बैलगाड्यांच्या चिठ्ठ्या गोळा करायला. त्याचं तुम्हाला फार वाटलं नसावं. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. टिंबांची बातमी सात गावांत गेली, आणि ज्यांच्या घरी तुम्ही वीस वर्षं चहा प्यायला होता, ती माणसं तुम्हाला बघून रस्ता बदलू लागली. तुम्ही त्यांना कधी तोंडावर खोटं म्हटलं नव्हतं, आणि आता त्यांचं खोटं सगळ्या जगाला कळलं होतं. नंतर मी जिथं जिथं व्यवस्था उभी केली, तिथं फॉर्मच्या शेवटी एक रकाना रिकामा ठेवत गेले. नोंद घेणाऱ्या माणसाला स्वतःला काय वाटतं, ते तिथं लिहायचं. लोक त्याचं कौतुक करतात. मंगळवारीही करतील, ही कल्पना कशी सुचली म्हणून विचारतील, आणि मी नेहमीसारखं अनुभवातून म्हणेन.

हे पत्र मी तुमच्या जुन्या सायकल क्लिपेत अडकवून कपाटात ठेवणार आहे, कुणाला दाखवायचं नाही. पण एसटीतलं तेवढं दुरुस्त करते. टिंबं मला आठवत होती. आपल्या बापाची वही पेन्सिलीच्या टिंबांवर चालते, हे साहेबांना कळू नये असं मला वाटलं. लाज वाटली, तात्या, दुसरं काही नाही. त्या कार्डावर ऐंशी रकाने असतात. मी शहात्तर भरले होते. तुमच्या टिंबांना एक पुरला असता.