गाडीतल्या गुप्त सोयी आणि तुमचे बंधुराज

ती. वन्सं यांना,

नमस्कार. इकडे मी ठीक आहे, हे ठीक आहेत, आणि गाडीबद्दल पुढे सविस्तर लिहिते. तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली हे वाचून बरं वाटलं. डॉक्टर तरुण आहे म्हणून धास्ती घेऊ नये. म्हातारे डॉक्टर पेशंटचा गुडघा सोडून स्वतःच्याच गुडघ्याबद्दल बोलत बसतात. त्यांनी सांगितलेला व्यायाम करावा, शेजारणीने सांगितलेला करू नये. भाचीला आशीर्वाद. तुम्हाला फोन आला की तो सगळ्या घराला ऐकू जाईल असा लावायची तिची सवय तिने सोडावी. (म्हणूनच फोन न करता हे पत्र लिहिते आहे. आमच्याही घरात भिंतींना कान आहेत, आणि ते दोन्ही तुमच्या भावाचे आहेत.)

तुम्ही लिहिलंत की दवाखान्यातून सोडतील तेव्हा न्यायला आम्ही यावं आणि "गाडी आता त्याला चालवू दे, तुझ्यापेक्षा त्याला गाडीतलं जास्त कळतं." वन्सं, तुम्ही वडीलधाऱ्या. तुमचा शब्द मी आजवर कधी खाली पडू दिला नाही (उचलून नीट बाजूला ठेवला आहे). पण या बाबतीत स्पष्ट लिहिते: स्टेअरिंग मी सोडणार नाही. का, ते वाचा, आणि नवा गुडघा घेऊन कुणाच्या शेजारी बसायचं ते तुम्हीच ठरवा.

मूळ दोष तुमचा आहे, हे नम्रपणे सांगते. 'रोजच्या गाडीत दडलेल्या सोयी, ज्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना ठाऊक नसतात' हा व्हिडिओ यांना तुम्हीच पाठवलात. तोवर गाडीशी यांचा संबंध बसणं, डुलकी घेणं, उतरणं आणि दार धाडकन लावणं एवढाच होता. लायसन्स आहे, पण त्याचा उपयोग हे कुठे फोटो मागितला तर दाखवायला करतात. व्हिडिओ पाहिला आणि या माणसाला आपण शंभरावे आहोत असा साक्षात्कार झाला. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उशाखाली गेलं. सकाळी चहाचा कप पुढे केला तर "तुला माहीत आहे का?" असं सुरू. वन्सं, ज्या घरात पुरुष सकाळी "तुला माहीत आहे का?" म्हणतो, तिथल्या बाईने दुपारपर्यंत घराबाहेर पडायची सोय बघावी. आमच्याकडे ती सोय म्हणजे गाडी, आणि गाडीत शेजारी परत हेच.

पहिला प्रयोग पेट्रोल पंपावर झाला. पेट्रोलच्या काट्याशेजारी एक इवलासा बाण असतो म्हणे, आणि टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते तो दाखवतो. असेल. मी इतकी वर्षं या गाडीत पेट्रोल भरते आहे आणि आपल्या घराचा दरवाजा कुठे आहे हे जसं मला बाणाशिवाय कळतं, तसं झाकणही कळतं. पण ज्ञान एकट्याने खाऊ नये म्हणून हे खाली उतरले आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करत निघाले. मागच्या गाडीतल्या बाईला वाटलं टायर बसला. तिने रडतं पोर मांडीवरून बाजूला ठेवून काच खाली केली. "बाण आहे बघा तुमच्याकडे!" हे म्हणाले. ती म्हणाली, "काका, माझ्यामागे रांगही आहे. ती दिसते का?" पुढची जागा केव्हाच रिकामी झाली होती आणि हे उतरलेले असल्यामुळे मला गाडी पुढे घेता येत नव्हती. सगळा पंप भोंगे वाजवत होता. हे गाडीत बसून म्हणाले, "लोकांना शिकायची हौसच नाही."

दुसरी सोय काचांची. किल्लीवरचं बटन दाबून धरलं की चारही काचा आपोआप खाली येतात. उन्हात तापलेली गाडी आपण पोहोचेपर्यंत थंड होते. ऐकायला उत्तम. पण यांच्याकडच्या जादा किल्लीवरचं हे बटन ज्या खिशात असतं तो खिसा मागचा असतो, आणि त्या खिशावर तुमचे बंधू बसतात (ईश्वराने दिलेल्या सगळ्या वजनानिशी). आम्ही चष्म्याच्या दुकानात होतो. बाहेर शेजारच्या भिंतीवर रंगारी यंत्राने रंग फवारत होते. मी काचा बंद आहेत हे स्वतः बघून गाडी तिथे लावली होती. परत आलो तर चारही काचा खाली, आणि माझी सीट, पट्टा, आरसा, सगळं पोपटी. रंगारी बिचारा म्हणाला, "बाई, मला वाटलं तुम्हाला हवा खेळती हवी असेल." मी यांच्याकडे पाहिलं. यांनी आत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "पण गाडी थंड आहे की नाही?"

ती पोपटी पाठ घेऊन मी त्याच संध्याकाळी एका लग्नाच्या स्वागत समारंभाला गेले. (साडी बदलायला वेळ नव्हता, कारण वाटेत हे डोक्यामागची उशी उपटत होते. संकटात काच फोडायला तिच्या दोन लोखंडी दांड्या उपयोगी पडतात म्हणे. उपटली. परत बसेना. मग ती मांडीवर घेऊन, मूल आणल्यासारखी, हे समारंभात शिरले. नवरीच्या आईने आहेर समजून हात पुढे केले.)

इथे तुम्ही म्हणाल, अगं, ही सगळी हौस झाली, चालवणं वेगळं. तेही सांगते. एका रविवारी मी यांना म्हटलं, घ्या, चालवा, कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणू. गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला फारसं सांगावं लागत नाही. रस्ता रिकामा, वेग गोगलगायीला लाज आणणारा. आणि अर्ध्या वाटेत यांना आठवलं की उन्हाची झडप नुसती खालीच येत नाही, बाजूच्या काचेकडे वळते आणि पुढे लांबही होते. ही सोय मला माहीत आहे की नाही हे विचारायला हे पूर्ण माझ्याकडे वळले. गाडी ज्या दिशेला चालली होती तिकडे त्या क्षणी आमच्यापैकी फक्त मी बघत होते. नगरपालिकेचा कचऱ्याचा डबा होता. आम्ही त्याला फार हळू, अगदी अदबीने धडकलो. तो आडवा झाला. एक गृहस्थ कुत्रं फिरवत होते, त्यांनी कुत्र्याला उचलून घेतलं आणि घरी गेले. तुमचे बंधू म्हणाले, "बघ, झडप लांब झालेली होती म्हणून ऊन डोळ्यांवर आलं नाही."

आणि मग व्याख्यान. आमच्या इमारतीत निवृत्तांचं एक मंडळ आहे. त्याच्या अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणतात (सैन्याशी त्यांचा संबंध मिशीपुरताच). त्यांनी यांना 'गाडीचे न पाहिलेले पैलू' या विषयावर बोलायला बोलावलं, प्रात्यक्षिकासह, वाहनतळावर. खुर्च्या मांडल्या. गाडी पाहुण्यासारखी मधोमध. बाण झाला, काचा झाल्या, उशी झाली (अजून बसत नाही). शेवटी डिकी. डिकीत कुणी चुकून कोंडलं गेलं तर आतून उघडायला अंधारात चमकणारी एक मूठ असते, असं यांनी सांगितलं. कर्नल म्हणाले, "दाखवा." हे आत शिरले, अंगाची जुडी केली आणि मला म्हणाले, "लाव!" मी म्हटलं, "आधी मूठ बघून घ्या." हे म्हणाले, "ती अंधारातच चमकते. तुला शास्त्र कळायचं नाही. लाव!" वन्सं, लग्नाला इतकी वर्षं झाली, यांची इतकी स्पष्ट आज्ञा मला क्वचितच मिळाली. मी लावली.

आतून थोडा वेळ चाचपडल्याचा आवाज आला. मग ठोकल्याचा. मग, "मूठ दिसत नाहीये." कर्नल डिकीकडे तोंड करून ओरडले, "डोळे उघडे आहेत ना?" आतून उत्तर आलं, "या मॉडेलमध्ये बहुधा नसावी." मी लगेच उघडलं. (लगेच म्हणजे टाळ्या थांबल्यावर.) हे बाहेर आले, केस विस्कटलेले, पण मान ताठ. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "हस. ज्ञान वाया जात नसतं. एक ना एक दिवस तुलाही यातली एखादी सोय लागेल आणि तू माझ्याकडे येशील." मीही तडकले. सगळ्या मंडळासमोर सांगितलं, की ज्या दिवशी मला तुमच्या गुप्त सोयीसाठी तुमच्याकडे यावं लागेल, त्या दिवशी किल्ली तुमच्या हातात ठेवीन आणि जन्मभर शेजारच्या सीटवर बसेन. कर्नल म्हणाले, "मंडळ साक्षी आहे." त्या मंडळाला सकाळी गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण हे आठवेल.

तर वन्सं, असा हा ज्ञानी पुरुष. तुमच्या भावावर तुमची माया आहे, ती असावी. लहानपणी त्याने घड्याळ उघडलं होतं हे तुम्ही कौतुकाने सांगता (ते पुन्हा बंद झालं का, हे मात्र कधी सांगितलं नाहीत). पण दवाखान्यापासून तुमच्या दारापर्यंत खड्डे आहेत, वळणं आहेत आणि कचऱ्याचे डबेही असतील. तुम्हाला न्यायला मी येईन. मागच्या सीटवर पाय लांब करून, उशी लावून, एक धक्का न बसता घरी पोचवीन. हे शेजारी बसतील आणि बोलतील. त्याला माझा इलाज नाही. स्टेअरिंग मात्र माझ्याकडे. याउप्पर यांना "तूच चालव" असं लिहू नये, ही विनंती.

तब्येतीला जपावं. गोळ्या वेळेवर घ्याव्यात. भाचीला पुन्हा आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. तुम्ही दवाखान्यात दाखल होण्याआधी यांना सहज फोन करून विचाराल का, की एखाद्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्किंगच्या खुणेवरच अडकला, इंजिन सुरू आहे, ब्रेकवर पाय दाबून धरलाय आणि तरी दांडा ढिम्म हलत नाही, तर काय करायचं? गिअरच्या आसपास कुठेतरी एक छोटी झाकणी असते असं त्या व्हिडिओत ओझरतं होतं. तेव्हा मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते. तुमच्या शेजाऱ्यांच्या गाडीसाठी विचारते आहे असं सांगा. माझं नाव अजिबात नको.

ता. क. २. लपवून काय उपयोग. गाडी सोमवारपासून हललेली नाही. ती वाहनतळावर, इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीच्या तोंडाशी उभी आहे. ते रोज टॅक्सीने दवाखान्यात जातात आणि मला दातओठ खात नमस्कार करतात. मी चमच्याच्या दांड्याने एक झाकणी उचकटून पाहिली, ती पेला ठेवायची जागा निघाली. पुस्तक उशाखाली आहे आणि उशीवर हे. मेकॅनिकला बोलवावं तर तो यांचा चहाचा सोबती; सांगितल्याशिवाय राहणार नाही. घरात मी पायी चालणं हृदयाला चांगलं असं सांगितलं आहे. यांना काडीचा संशय नाही.

ता. क. ३. तुमच्या नव्या घराचा पत्ता यांनाच पाठ आहे, तेव्हा पाकीट पत्ता घालायला यांच्याकडे देते आहे. घाबरू नये, चांगलं चिकटवलं आहे.

ता. क. ४. ताई, इथून पुढचं अक्षर माझं आहे. पाकिटाचा गोंद किटलीच्या वाफेवर अलगद सुटतो. ही सोयही फारशा लोकांना ठाऊक नसते. ती झाकणी गिअरच्या अगदी लगत आहे, बोटाच्या पेराएवढी. चमच्याने नव्हे, किल्लीच्या टोकाने उचलायची, ब्रेकवर पाय ठेवायचा, आतलं बटन दाबायचं आणि दांडा ओढायचा. हे तू तुझ्या शेजाऱ्यांना विचारून तिला कळवलंस असं कर, आणि लवकर कर. मी सांगितलं असं कळलं तर ती शब्दाची पक्की आहे, किल्ली माझ्या हातात ठेवील. आणि गाडी चालवायला लागली की माणसाला बोलता येत नाही.