रक्त आमचंच

३ फेब्रुवारी
ओक्येरेचा दुसरा डोळाही गेला. पंचवीस वर्षांचा माझा भाऊ, कधी आजारी नाही, दारुडा नाही. नोव्हेंबरपर्यंत तेचिमान ते कुमासी मिनीबस चालवत होता. डोळे दुखत नाहीत, लालही नाहीत. म्हणतो, "ताई, तुझे कान दिसतात, तोंड नाही."

९ फेब्रुवारी
आईने पाद्रीबुवांना आणलं. ते म्हणाले, घरातल्याच बाईने याचे डोळे बांधलेत. घरात बायका तीन — आई, लग्नानंतरही माहेरीच राहणारी मी आणि ओक्येरेची बायको डुफी. म्हणजे कोण, ते ठरलंच.

११ फेब्रुवारी
डुफीला हाकललं. "सूपमध्ये काय कालवलंस?" — हे मी विचारलं. तिची ट्रंकही मीच ओढत बाहेर नेली. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, त्याच ताटातलं मीही खाल्लंय." दोघांच्या तान्ह्या पोरीला पाठीला बांधलं नि गेली. ओक्येरे भिंत चाचपत तिच्यामागे निघाला. आईने धरून ठेवला.

२ मार्च
शेवटी कुमासीला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस सुकलीय. औषध नाही. "हा दोष आईकडून मुलांत येतो. बापाकडून नाही. तुमच्या आजोळी कुणाचे डोळे तरुणपणी गेलेत?"
मी आईकडे पाहिलं. आई पंख्याकडे बघत होती.
"याच्या मुलीला होईल?" मी विचारलं.
"तिला भीती नाही. तुम्हाला मुलं झाली तर त्यांना होऊ शकतो."

३ मार्च
आईला चुलीपाशी गाठलं. अमान्क्वामामाचे डोळे खाणीत सुरुंग उडून गेले, असं मला जन्मभर सांगितलं. आज तिने कबूल केलं, मामा खाणीत कधी गेलाच नव्हता. त्याचे डोळे चोविसाव्या वर्षी, असेच, दोन महिन्यांत गेले.
"मी ट्रंक ओढत होते तेव्हाही तुला माहीत होतं?"
आई फुफूसाठी उकडलेले कंद कुटत राहिली. मग म्हणाली, "लोकांनी आपलं रक्त नासकं म्हटलं असतं. सून काय, परकीच."
जेवले नाही.

७ मार्च
डुफीच्या माहेरी गेले. रिवाजाप्रमाणे पाणी दिलं तिने. मी सगळं सांगितलं.
"पोर सुटली ना? मग झालं," ती म्हणाली. "आता बुवांना पुन्हा बोलवा, वन्सं. विचारा, घरातली बाई कोण ती. आणि त्याला इथे आणून सोडा. तुम्ही थांबू नका."

१२ मार्च
सोडून आले. आई दारापर्यंतही आली नाही.

१९ मार्च
तिसरा महिना आहे म्हणे मला. लग्नानंतर नऊ वर्षांनी. कार्ड भरताना नर्सबाईंनी विचारलं, "माहेरी कुणाला काही आजार?"
मी म्हटलं, नाही.