रानहळदीची राखण

४ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू दिलेली रानहळद गेली रे! पानं वाळून पडली तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. रोज तांब्याभर पाणी घालते, दर रविवारी माती उकरून बघते, पण कोंबाचा पत्ता नाही. रोपवाटिकेत ढीगभर रोपं जगवतोस आणि बहिणीला नेमका मेलेला गड्डा देतोस होय?

खरं रडगाणं कुंडीचं नाहीच. दत्तक घ्यायचं म्हणून पोर हिवाळ्यात घरी आली, आता उन्हाळा लागला, पण माझ्याशी अवाक्षर बोलत नाही. शाळेत बोलते, खालच्या इस्त्रीवाल्याशी गप्पा मारते. मी मात्र सारखी मागे लागते. बरं वाटतं का, मी आवडते का, आई म्हणशील का? ती नुसती मान हलवते. काल तिचा फ्रॉक शिवताना मशीनवरच रडू कोसळलं. संस्थेच्या बाई जूनमध्ये येणार आहेत, जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा म्हणाल्यात. दुसऱ्या घरी तरी बोलेल, असं वाटायला लागलंय. काय करू?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी उत्तर धाड.

तुझी,
बबडी

१२ एप्रिल

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, गड्डा मेला नाही, झोपलाय. पावसाळा सरला की रानहळद पानं टाकून देते आणि पुढच्या पावसापर्यंत मातीखाली पडून राहते. मुळांच्या गाठींत तिची शिदोरी असते. रानात तिला तांब्यानं पाणी कोण घालतं? झोपेत पाणी दिलंस तर कुजेल, उकरलंस तर कोंब मोडेल. जागी झाली की गुलाबी तुरा काढेल, त्याच्या आड पिवळी फुलं. लहानपणी खुडूक कोंबडी उठवून अंडी बघायचीस, अजून तशीच आहेस!

कुंडी पोरीच्या ताब्यात दे. मामानं राखण करायला सांगितलंय म्हण. पाणी नाही, उकरणं नाही, तुलासुद्धा हात लावू द्यायचा नाही. आणि तिला काही विचारू नकोस. तू आपली मशीन चालव. पोरांचं मला फारसं कळत नाही, पण बाईंना सांगायची घाई करू नकोस, एवढं हक्कानं सांगतो.

आधी डोळे पूस. माझी माया आहेच, ती काही सांगायला नको.

तुझा,
दादा

६ जून

ती. दादास,
शि. सा. न.

ओठ चावून गप्प बसले रे, माझं मलाच नवल वाटतं. शाळेला सुट्टी लागली, तशी पोर दिवसभर कुंडीपाशी बसायची, माझ्याकडे पाठ करून. हळूहळू मशीनजवळ सरकली, खाली पडलेले दोरे वेचायला लागली.

परवा ती आंघोळीला गेली आणि माझे हात शिवशिवले. एकच बोट मातीत घातलं, शपथ! तेवढ्यात ओल्या केसांनी दारात येऊन कडाडली, की आई, हात काढ, मामानं सांगितलंय ना! मला रडूच फुटलं. तशी बिचारी घाबरली, म्हणाली की रडू नको, मी काही मारत नाहीये.

काल बाई आल्या, जमतंय का विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पोरीनंच सांगितलं, की आई अजिबात ऐकत नाही, तिच्यावर लक्ष ठेवायला मला इथंच राहावं लागेल.

आम्हा दोघींवर अशीच माया राहू दे.

तुझी,
बबडी

ता. क. कोंब आला का, ते मला ठाऊक नाही. कुंडीपाशी जायची मला बंदी आहे.