खळं पूर्वीच्या नावे

मी, अंजनाबाई हरेश्वर कोळी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार मनोरी, तालुका बोरीवली, डोकं शांत असताना, कोणाच्या दमदाटीवाचून माझी शेवटची इच्छा लिहिते. आनंदात आहे, हेही लिहून ठेवते.

राहतं घर मुलगा जयवंत याला. पाटल्या सून दीप्तीला; तिने माझी बडबड ऐकली. मासळीची टोपली शेजारीण जानकीला देणार होते, पण साक्षीदाराला काही देऊ नये म्हणाले वकील. जानकी म्हणाली, "टोपली राहू दे, मी सहीच करते. जयवंतचं तोंड बघायचंय मला."

ते तोंड खळ्यामुळे वाकडं होणार. घरामागचं बोंबील सुकवायचं खळं मी जयवंतची मुलगी, माझी नात पूर्वी हिला देते. जयवंतला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्यात. तसं करू नये, विकूही नये.

पूर्वी कॅलिफोर्नियात विद्यापीठात चिकाना-चिकानोंचा इतिहास आणि संस्कृती शिकते. म्हणजे मेक्सिकोकडची मुळं असलेले तिथले लोक; बाया चिकाना, पुरुष चिकानो. जयवंत म्हणतो, हे शिकून तिला मनोरीत कोण विचारणार? मी विचारते ना, दर रविवारी फोनवर.

एकदा म्हणाली, "आजी, त्यातले कितीतरी कुठून आलेच नव्हते. मेक्सिकोशी लढाई झाली आणि अमेरिकेची हद्दच त्यांच्या घरांवरून पुढे सरकली." नव्या कोर्टात जुने कागद चालेनात, जमिनी गेल्या. मी म्हटलं, आम्ही तरी कुठे गेलो गं, मुंबईच मनोरीला आली. खळं सासूने मला तोंडीच दिलेलं, आमच्या घरात ते बाईकडून बाईकडे जातं. पूर्वी म्हणाली, "आजी, आधी कागद कर." म्हणून खळ्याच्या सरकारी कागदावर माझं नाव लावून घेतलं, म्हणून हे मृत्युपत्र.

तेव्हापासून दुपारी डोळा लागला की खळं दिसतं. एका काठीवर आपले बोंबील, दुसरीवर लाल मिरच्यांच्या माळा, खाली परक्या आज्या पाय पसरून बसलेल्या. त्यांचं बोलणं मला सगळं कळतं. जागी झाले की आठवत नाही.

शेवटचं. इथे पितृपक्षात माझं पान जयवंतने ठेवावं. तिकडे नोव्हेंबरात झेंडू लावून गेलेल्यांना आवडीचं जेवण मांडतात म्हणे. पूर्वी, तिथे माझा फोटो ठेव, भाजलेला बोंबील ठेव. वासावर येईन मी. वाटेत हद्द लागली तरी थांबायची नाही. तिथली इंग्रजी पाटी मला कुठे वाचता येते.

सही: अंजनाबाई हरेश्वर कोळी

आमच्यासमोर वाचून, हसत सही केली. साक्षीदार:
१. जानकी नंदू कोळी
२. भाऊराव मिहिर भंडारी

मनोरी, ९ फेब्रुवारी २०२५