गोपालची शीर

प्रिय गोपालास, थोरल्या भावाचे (एका पायावर उभे राहून) आशीर्वाद.

कोरपन्याला तू, रीता आणि पोरं खुशाल असाल असं धरून चालतो. इकडे सिंदेवाहीत मी सोडून सगळ्यांचं बरं आहे. मंडईच्या जत्रेतल्या कबड्डीपासून (विवाहित विरुद्ध अविवाहित, सत्तेचाळिसाव्या वर्षी चढाईला जा म्हणून मला कुणीही सांगितलं नव्हतं, हे तुझी वहिनी रोज सांगते) वळताना माझा गुडघा दगा देतो. शेताच्या धुऱ्यावरून मी बदकासारखा चालतो. तू त्याच आठवड्यात एमआरआय काढ म्हणाला होतास. मी दोन महिने मालिशवाल्याकडून तेल चोळून घेतलं. त्याने फक्त पायावरचे केस गेले.

शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की सांध्यातली शीर, म्हणजे लिगामेंटची पट्टी, पार तुटली आहे. ती शिवून जुळत नाही, तिच्या जागी दुसरी बसवावी लागते. काही वेळा दुसऱ्याचीही वापरतात, एवढं ऐकलं आणि मी उठलो (पुढचं ऐकायला आणखी एक फेरी पडली). घरी येऊन भावकी जमवली आणि कोण शीर देतो म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातला प्रत्येक पुरुष लंगडत होता. डोमाकाका तर दोन्ही पायांनी.

तू एकटाच रजा टाकून आलास. "भाऊ, माही घे. मी तं खुर्चीवर बसूनच काम करून राह्यलो," म्हणालास. आणि मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "शेती सोडून पळालेल्याची शीर मले नाई पाह्यजे." तू न जेवता निघालास. वाढलेलं ताट तसंच राहिलं. त्या बोलण्याचं मला फार वाईट वाटतं, गोपाल.

आता सगळं नीट ऐकून आलो आहे. दुसऱ्याची म्हणजे मेलेल्या दात्याची, जपून ठेवलेली. (भावाचा पाय कापत नाहीत, असं म्हणून बाई हसल्या.) ती सहज मिळत नाही आणि रुजायलाही वेळ घेते. उरली आपलीच. गुडघ्याच्या वाटीखालची, हाडाच्या तुकड्यांसकट काढली तर घट्ट बसते, पण पुढे गुडघा टेकताना दुखू शकतं. मांडीमागची काढली तर तो त्रास कमी, फक्त पाय मागे ओढायचा जोर थोडा घटतो. निंदणाला गुडघे टेकावेच लागतात, म्हणून मांडीमागची ठरली. म्हणजे जिच्यापायी तुझा अपमान केला, ती वस्तू माझ्याच मांडीत होती.

तुझा,
भैयाजी

ता. क. ऑपरेशन मंगळवारी आहे. तुझी वहिनी सोबत असेल, तेव्हा तू येण्याची काही गरज नाही. रजा वाया घालवू नकोस.

आणखी एक ता. क. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव मागतात. बाई म्हणाल्या, बायको आहे ना? मी म्हटलं, भाऊ आहे. तुझं नाव लिहून आलो, सहीची जागा कोरी आहे. मला फार भीती वाटते रे. ये.